यंत्र गप्प बसतं तेव्हा

दोन संध्याकाळी मी त्या यंत्राशी झगडत होते. गाडीच्या समोरच्या काचेला ते चिकटवायचं आणि पुढे वेग मोजणारा कॅमेरा आला की त्याने बोलून सांगायचं, एवढंच त्याचं काम. कॉम्प्युटरला जोडलं की त्याचा दिवा लागे, बॅटरी भरत असल्याचं चिन्ह हलू लागे, आणि तरीही सॉफ्टवेअर म्हणे, यंत्र सापडत नाही. मी ते सॉफ्टवेअर तीनदा काढलं आणि तीनदा पुन्हा घातलं. तिसऱ्या दिवशी सगळा पसारा पिशवीत भरून काकांकडे नेला. काकांनी यंत्राकडे पाहिलंही नाही. वायर हातात घेतली आणि विचारलं, "ही यंत्राच्या खोक्यातली का?" नव्हती. ती आमच्या टॉर्चच्या चार्जरची होती. "मग हिच्यात दोनच तारा असतील. वीज जाते, बोलणं जात नाही," असं म्हणत त्यांनी ड्रॉवर उघडून दुसरी वायर काढली. अर्ध्या मिनिटात कॉम्प्युटरने यंत्र ओळखलं.

काकांनी लिहिलेल्या या पुस्तिकेतलं पहिलं प्रकरण वायरीवर का आहे, हे वाचकाला यावरून कळेल. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्त चार्जरबरोबर येणाऱ्या वायरीत माहितीच्या तारा बरेचदा घातलेल्याच नसतात, आणि बाहेरून दोन्ही वायरी सारख्याच दिसतात. यंत्राचा दिवा लागतो म्हणून माणूस वायरीवर संशय घेत नाही, सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. काका म्हणतात, बिघाड शोधायचा तो नेहमी जमिनीकडून वर. आधी वायर, मग जोड, मग यंत्र, आणि शेवटी सॉफ्टवेअर.

लेस्टरमधली आम्ही मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणतो आणि त्यांना नावाची हौस नाही, म्हणून इथेही तेच चालेल. भुसावळला मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर काकूंसह मुलाकडे इंग्लंडात आले. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आलेल्या माणसाला एकच वर्ष गाडी चालवता येते, म्हणून बासष्टाव्या वर्षी त्यांनी इथली लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा दिल्या. मुलाने कौतुकाने त्यांच्या गाडीला हे इशारा देणारं यंत्र आणून दिलं. काकांनी ते खोक्यातून काढलं, माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे बिघडलं तर काय करतं?" मुलगा म्हणाला, "बिघडलं तर बंद पडेल, बाबा." काकांना ते उत्तर आवडलं नाही. का आवडलं नाही, ते सांगण्यासाठीच मी ही प्रस्तावना लिहिते आहे.

रेल्वेच्या जुन्या सिग्नलचा हात आडवा असला म्हणजे थांबायचं, खाली झुकला म्हणजे जायचं. केबिनमधून तार ओढली की तो झुकतो. ती तार मध्येच कुठे तुटली, तर वजनाच्या भाराने हात आपोआप पुन्हा आडवा होतो. म्हणजे बिघाड झाला की गाडी थांबते. रुळांतून वीज सोडून गाडी ओळखणाऱ्या सर्किटचंही तसंच आहे. वीज गेली, तार तुटली, रिले पडला, काहीही झालं तरी केबिनमध्ये "रूळ अडलेला आहे" असंच दिसतं, मग रूळ मोकळा का असेना. सिग्नलच्या माणसाचं सगळं शिक्षण या एका गोष्टीभोवती होतं: यंत्रणेला काही कळेनासं झालं, तर तिने "सगळं ठीक आहे" असं कधीही म्हणता कामा नये.

काचेवरचं हे छोटं यंत्र नेमकं तेच म्हणतं. त्याची यादी जुनी असो, उपग्रहांचा संपर्क तुटलेला असो किंवा अर्धवट अपडेटमुळे त्याची स्मृती पुसली गेलेली असो, तिन्ही वेळा ते गप्प बसतं. आणि पुढे खरोखरच कॅमेरा नसतो तेव्हाही ते गप्पच बसतं. गाडी चालवणाऱ्याच्या कानाला या दोन शांततांमधला फरक कळत नाही. तो फरक शाबूत ठेवायची एकच जागा आहे, ती म्हणजे महिन्यातून एकदा जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपसमोर घालवलेला अर्धा तास. पुस्तिकेची चाळीस पानं त्या अर्ध्या तासाबद्दल आहेत.

यंत्राच्या आत काय चालतं ते काकांनी दुसऱ्या प्रकरणात सविस्तर लिहिलं आहे, मी थोडक्यात सांगते. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संकेत पकडून यंत्र दर सेकंदाला स्वतःची जागा काढतं. त्याच्या स्मृतीत ठिकाणांची एक लांबलचक यादी असते. प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, ते कुठल्या प्रकारचं आहे, तिथली वेगमर्यादा किती, आणि कुठल्या दिशेने येणाऱ्या गाडीला ते लागू आहे, एवढी माहिती त्यात भरलेली असते. आपली जागा आणि दिशा यादीतल्या एखाद्या ठिकाणाशी जुळू लागली की यंत्र बोलतं. पुढचा रस्ता त्याला दिसत नाही. कॅमेऱ्याची कुठलीही लहर ते पकडत नाही. कॅमेऱ्याचा खांब काल उखडून नेला असला तरी ते आज तिथे बोलणार, आणि काल नवा खांब उभा राहिला असला तरी आज गप्प बसणार.

अशी यंत्रं २००० सालानंतरच का फोफावली, यालाही कारण आहे. १ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या जीपीएस संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, आणि मोजलेली जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे जाई. एवढ्या चुकीत मोटरवे कुठला आणि त्याला समांतर जाणारा गावातला रस्ता कुठला, हेही ओळखता येत नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती भेसळ त्या रात्री थांबली आणि काचेवरच्या यंत्रांचा धंदा शक्य झाला.

ब्रिटनमध्ये तोवर कॅमेरे स्थिरावलेले होते. वेग मोजणारा पहिला कॅमेरा १९९२ साली पश्चिम लंडनमध्ये ट्विकेनहॅमच्या पुलावर बसला. लोक त्याला अजूनही गॅट्सो म्हणतात. हे नाव मॉरिस गॅट्सोनिडस या डच माणसाचं. जावा बेटावर जन्मलेला हा गृहस्थ मोटारींच्या शर्यतीत उतरणारा होता आणि १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली होती. वळणावर आपला वेग किती पडतो, तो आणखी वाढवता येईल का, हे मोजण्यासाठी त्याने एक उपकरण बनवलं. अधिक वेगाने जाण्यासाठी बनवलेलं ते उपकरण पुढे जगभरच्या पोलिसांनी वेग रोखण्यासाठी उचललं. गॅट्सो रडारने वेग मोजतो, मर्यादा ओलांडलेल्या गाडीचे मागून अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढतो, आणि रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या रेघांवरून गाडी तेवढ्या वेळात किती पुढे गेली त्याचा पडताळा घेता येतो. ती रेघांची शिडी दिसली की इथला जुना चालक आपोआप काट्याकडे बघतो.

हे कॅमेरे सुरुवातीला करड्या रंगाचे असत. लोकांची ओरड झाली की सरकार टपून बसलं आहे, तिजोरी भरते आहे. २००१ च्या अखेरीस ते ठळक पिवळे रंगवायचं ठरलं. त्यामागचा विचार मला पटतो: कॅमेरा जिथे अपघात होतात तिथे आहे, तर चालकाला तो दिसलाच पाहिजे आणि दिसून तिथे वेग कमी झालाच पाहिजे. पक्क्या कॅमेऱ्यांच्या जागा सरकारी यंत्रणा स्वतःच प्रसिद्ध करतात. म्हणून ठिकाणांची यादी बाळगणारं यंत्र वापरणं ब्रिटनमध्ये कायदेशीर आहे, आणि म्हणूनच हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. कायदा चुकवायची युक्ती शिकवणाऱ्या पुस्तिकेला मी प्रस्तावना लिहिली नसती. काकांनीही तशी पुस्तिका लिहिली नसती. "यंत्र बोलल्यावर ब्रेक दाबावा लागला, तर चूक आधीच झालेली असते," असं त्यांनी सेटिंगच्या प्रकरणात लिहिलं आहे, आणि पहिली सूचना दिली आहे ती कॅमेऱ्याच्या इशाऱ्याची नाही, वेगमर्यादा ओलांडल्याच्या इशाऱ्याची. तो आधी चालू करा, बाकीचं मागाहून.

यादी जुनी राहिल्यामुळे माझ्या बाबतीत जे घडलं ते २००९ मधलं. काकांची तेव्हा ओळख नव्हती. यंत्र घेऊन वर्ष झालं होतं आणि विकत घेतल्या दिवसापासून मी ते कॉम्प्युटरला जोडलं नव्हतं. लेस्टरहून शेफील्डला जाताना एम वन मोटरवेवर नॉटिंगहॅमच्या पश्चिमेला रुंदीकरणाचं काम चालू होतं. कामाच्या टप्प्यात वेगमर्यादा ताशी ५० मैल आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे. या कॅमेऱ्यांना रडार लागत नाही. एका खांबावरचा कॅमेरा गाडीची नंबरप्लेट वाचतो, काही मैलांवरचा दुसरा तीच पुन्हा वाचतो, आणि अंतर भागिले वेळ हा हिशोब होतो. मी शाळेत गणित शिकवते, सातवीच्या मुलांना हाच हिशोब घालते. फलक मोठे होते, पिवळे होते. पण वर्षभर मला कानाने गाडी चालवायची सवय लागली होती, आणि माझ्या यंत्राच्या स्मृतीत ते काम सुरूच झालेलं नव्हतं. ते गप्प होतं, म्हणून मी निश्चिंत होते. पंधरा दिवसांनी पत्र आलं. ६० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट. रक्कम मी विसरले असते. रस्त्यावर माणसं काम करत होती, आणि मी त्यांच्या बाजूने ६३ च्या सरासरीने गेले होते, हे विसरता येत नाही.

तेव्हापासून मला वाटतं की यंत्र नसलेला चालक आणि ताजं यंत्र असलेला चालक हे दोघेही शिळं यंत्र असलेल्या चालकापेक्षा बरे. पहिला फलक वाचतो. दुसऱ्याला मदत मिळते. तिसरा फलकही वाचत नाही आणि त्याला मदतही मिळत नाही.

आता कॉम्प्युटरकडे वळते. अपडेट हा शब्द आपण एकेरी वापरतो, पण इथे अपडेट दोन गोष्टींचं असतं आणि त्या दोन्ही वेगळ्या ठेवायला हव्यात. एक डेटाबेस, म्हणजे ठिकाणांची यादी. ती दर आठवड्याला किंवा महिन्याला बदलते, आकाराने लहान असते, मिनिट-दोन मिनिटांत यंत्रात उतरते. दुसरं फर्मवेअर, म्हणजे ती यादी वाचून कधी बोलायचं हे ठरवणारा यंत्राचा स्वतःचा मेंदू. ते क्वचित बदलतं, पण बदलताना जुनं पुसून नवं लिहिलं जातं, आणि पुसणं झालेलं असताना व लिहिणं अर्धवट असताना वायर निघाली तर यंत्राचा दगड होतो. काकांकडे दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत असे दगड सर्वांत जास्त असत, आणि वायर कोणी हाताने उपटलेली नसायची. लॅपटॉप झोपी गेलेला असायचा. दहा मिनिटं कळफलकाला हात लागला नाही की लॅपटॉप पडदा मिटतो, मग यूएसबीची वीज तोडतो. म्हणून पुस्तिकेत फर्मवेअरच्या प्रकरणाची पहिली ओळ अशी आहे: लॅपटॉपला चार्जर लावा, झोपेची सेटिंग बंद करा, यंत्र थेट लॅपटॉपला जोडा, मध्ये जोडपट्टी नको, आणि मगच बटण दाबा.

जुन्या यंत्रांबाबत आणखी एक अडचण येते. त्यातली बरीच यंत्रं कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखी दिसत नाहीत, ती जुन्या सीरियल पोर्टचं सोंग घेऊन बोलतात. त्यासाठी ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो. तो कॉम्प्युटरवर आधी बसवायचा आणि यंत्र नंतर जोडायचं. उलट केलं तर विंडोज स्वतःच्या अंदाजाने दुसराच दुभाषा नेमून टाकतं, आणि मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह येऊन बसतं. हे चिन्ह दिसल्यावर काय काढायचं, काय ठेवायचं, कॉम पोर्टचा क्रमांक कुठे बघायचा, याची काकांनी चित्रांसह दिलेली पानं मला या पुस्तिकेतली सर्वांत मोलाची वाटतात. खोक्यातल्या माहितीपत्रकात या गोष्टी एका ओळीत उरकलेल्या असतात, आणि माणसं हरतात ती त्याच ओळीवर.

अपडेटनंतर यंत्र लगेच गाडीत लावून निघू नये, हाही सल्ला मला इथेच मिळाला. कारण फार सुंदर आहे. प्रत्येक उपग्रह आपल्या संकेतातून दोन प्रकारची माहिती पाठवत असतो. स्वतःच्या कक्षेचा नेमका तपशील तो दर तीस सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि तो काही तासच कामाचा असतो. त्याशिवाय बाकीचे सगळे उपग्रह साधारण कुठे असतील याचं एक कोष्टक तो तुकड्यातुकड्याने पाठवतो. त्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थच पंचांग. सेकंदाला ५० बिट एवढ्या संथ वेगाने ते येतं आणि पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. महिनोन्‌महिने कपाटात पडलेलं किंवा फर्मवेअर बदललेलं यंत्र हे पंचांग विसरलेलं असू शकतं. त्याला उघड्या आकाशाखाली, गाडी उभी करून पंधरा मिनिटं द्यावीत. चालत्या गाडीत, झाडांखाली, इमारतींच्या आड संकेत तुटतो आणि ते पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. तेवढा वेळ यंत्र अर्थातच गप्प असतं. काही गाड्यांच्या समोरच्या काचेवर ऊन अडवणारा धातूचा पातळ थर असतो, त्यातून संकेत नीट येत नाही. आरशाजवळ त्या थरातून मोकळी सोडलेली खिडकी असते, यंत्र तिथे लावावं.

पंचांगाचीच आणखी एक गोष्ट. जीपीएस आठवडे मोजतं, आणि मूळच्या संकेतात त्या मोजणीला दहाच बिट दिलेले आहेत. १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते, जवळपास एकोणीस वर्षं आठ महिन्यांनी. १९८० मध्ये सुरू झालेली ही मोजणी पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये उलटली आणि दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री. ज्या यंत्रांचं फर्मवेअर याला तयार नव्हतं त्यांची तारीख थेट १९९९ वर गेली. अशा यंत्राला यादीची वर्गणी संपली की नाही हेही कळत नाही. २०१९ च्या त्या एप्रिलमध्ये काकांच्या टेबलावर एका आठवड्यात सात यंत्रं आली. चहाबरोबर काकूंना पोह्यांचीही सोय करावी लागली. पुढची उलटापालट नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे.

माझा स्वतःचा वाटा या पुस्तिकेत एका पानापुरता आहे, आणि ते पान वजा चिन्हाचं. अनेक यंत्रांत आपण स्वतः ठिकाणं भरू शकतो: मुलांच्या शाळेजवळचा अरुंद रस्ता, रस्त्यावरून वाहणारा ओढा, अवघड वळण. कॉम्प्युटरवर एका साध्या कोष्टकात रेखांश, अक्षांश आणि नाव लिहायचं. आपण भारतात वाढलेली माणसं. आपला सगळा देश पूर्व रेखांशावर आणि उत्तर अक्षांशावर, म्हणजे दोन्ही आकडे कायम अधिक. लेस्टर मात्र ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे. त्याचा रेखांश उणे १.१३. आमच्यातल्या एका ताईंनी मुलीच्या शाळेचं ठिकाण भरताना ते उणे चिन्ह लिहिलंच नाही. यंत्र शाळेपाशी कधी बोललं नाही. नंतर त्या नॉर्विचला लग्नाला गेल्या तेव्हा शहराच्या अलीकडे, शेतांमधून जाताना, यंत्र अचानक म्हणालं की पुढे शाळा आहे. लेस्टर आणि नॉर्विच जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, सुमारे ५२.६३. एका आडव्या रेघेने ती शाळा दीडशे किलोमीटर पूर्वेला नेऊन ठेवली होती. ही हकिकत मी वर्गात सांगते आणि त्या दिवसानंतर मुलं ऋण संख्यांचं चिन्ह विसरत नाहीत. दशांशाच्या पुढचे किती आकडे लिहायचे, हेही त्या पानावर आहे: अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून चौथ्या आकड्याला साधारण अकरा मीटरची किंमत येते आणि पाचव्याला एक मीटरची. पाच आकडे पुरेत.

यंत्राचा वेग आणि गाडीचा काटा जुळत नाहीत, अशी तक्रार घेऊन दर महिन्याला कोणीतरी येतं. यात बिघाड कुठलाच नाही. गाडीच्या काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, असा नियम आहे, म्हणून कारखाने तो थोडा जास्त दाखवतील असाच लावतात. काटा ७० वर असताना यंत्र ६७ म्हणालं तर यंत्रच खऱ्याच्या जवळ असतं. काकांचा आग्रह एवढाच, की मर्यादा काट्याने पाळावी. यंत्राने दिलेली तीन मैलांची सवलत घेत सुटू नये.

शिळेपणाचं सर्वांत मोठं उदाहरण आम्ही अलीकडेच पाहिलं. १७ सप्टेंबर २०२३ रोजी वेल्समध्ये वस्तीतल्या, दिव्याच्या खांबांच्या रस्त्यांची नेहमीची मर्यादा ३० मैलांवरून २० वर आली. एका रात्रीत एका अख्ख्या देशातल्या हजारो रस्त्यांबद्दल प्रत्येक यंत्राची स्मृती चुकीची ठरली. त्या महिन्याच्या शेवटी आम्ही दोन कुटुंबं ॲबरिस्टविथच्या समुद्रावर गेलो. माझं यंत्र मी आदल्या रविवारी अपडेट केलेलं होतं, तरी गावोगाव फलक २० म्हणत होता आणि यंत्र ३०. यादी बनवणाऱ्यांनाही वेळ लागतो. पुढे काही रस्ते पुन्हा ३० वर गेले. म्हणजे ज्यांनी घाईने सगळं २० केलं त्यांचं तिथे चुकलं, आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं इतर सगळीकडे. पुस्तिकेत काकांनी हा प्रसंग चौकटीत दिला आहे आणि खाली एकच वाक्य लिहिलं आहे, फलक आणि यंत्र भांडले तर फलकाचं ऐका. मोटरवेवरच्या बदलत्या मर्यादांनाही हेच लागू. डोक्यावरच्या कमानीवर आत्ता ५० लागलेत की ६०, हे टेबलावर भरलेल्या यादीला कधीच कळणार नाही.

डोव्हरहून बोटीने पलीकडे जाणाऱ्यांनी मात्र आठवं प्रकरण निघण्याच्या आदल्या दिवशी वाचावं, गाडीत नव्हे. ब्रिटनमध्ये जे चालतं ते पलीकडे चालत नाही. फ्रान्सने जानेवारी २०१२ मध्ये कॅमेऱ्यांची नेमकी जागा सांगणारी यंत्रं बंद केली. तिथे यंत्राला फक्त धोक्याचा पट्टा सांगता येतो, वस्तीत ३०० मीटरचा, साध्या रस्त्यावर दोन किलोमीटरचा, मोटरवेवर चारचा. त्या पट्ट्यात कॅमेरा असेल किंवा नुसतं वाईट वळण असेल. नियम मोडला तर १५०० युरोपर्यंत दंड आणि यंत्र जप्त. जर्मनीत चालकाला असं यंत्र वापरता येत नाही, आणि स्वित्झर्लंड तर याबाबतीत फारच कडक. त्यामुळे त्या त्या देशाची यादी यंत्रातून काढायची किंवा बदलायची, आणि तेही घरच्या कॉम्प्युटरवरच. मला फ्रान्सची पद्धत आवडली, हे इथे सांगून टाकते. चार किलोमीटर जपून गाडी चालवायला सांगणारा आवाज माझ्या मते नेमका खांब दाखवणाऱ्या आवाजापेक्षा शहाणा.

फोन असताना हे सगळं कशाला, असं तरुण वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. फोनवरचे नकाशे आता कॅमेरे दाखवतात, यादी आपोआप ताजी होते, काही नव्या यंत्रांतही सिमकार्ड असतं आणि त्यांना वायर लागत नाही. ज्याला हे जमतं त्याने खुशाल तसं करावं. पण वेल्सच्या डोंगरात फोनला रेंज नसते. ज्येष्ठ माणसाला एकच काम करणारं, एकच बटण असलेलं यंत्र सोपं जातं. आणि गाडी चालवताना फोन हातात घेतला तर इथे २०० पौंड दंड आणि ६ पॉइंट आहेत. शिवाय प्रश्न फोनवरही तोच राहतो. फोनचा आवाज नसला म्हणजे पुढे कॅमेरा नाही, की रेंज नाही? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ च्या जुलैपासून वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली, तेव्हा पुण्याच्या माझ्या आतेभावाने फोन करून विचारलं, कुठलं ॲप घालू? मी त्याला काकांची दोन पानं पाठवली. घाटात मोटारींना ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तिथे बोगद्यांत फोनला उपग्रह दिसत नाहीत.

एका गोष्टीचं मला वाईट वाटतं, आणि ते काकांनी लिहिलेलं नाही म्हणून मी लिहिते. या यंत्रांच्या कंपन्या येतात, जातात. कंपनी बंद पडली की यादी त्या दिवशी गोठते, पण यंत्र चालू राहतं. दिवा लागतो, जुन्या खांबांपाशी ते पहिल्यासारखंच खात्रीने बोलतं. नव्या खांबांपाशी गप्प. आपल्या मराठी मंडळींतल्या कितीतरी वडीलधाऱ्यांच्या गाड्यांत अशी अनाथ यंत्रं आहेत आणि त्यांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. प्रत्येक यंत्राच्या पाठीला शेवटच्या अपडेटच्या तारखेची चिठ्ठी चिकटवा, आणि ती तारीख सहा महिने मागे गेली की यंत्र काचेवरून उतरवा, एवढी विनंती मी मुला-सुनांना, लेकी-जावयांना करते.

हस्तलिखित वाचून झाल्यावर मी काकांना विचारलं, अपडेट नीट झालं हे तुम्हाला कसं कळतं? पडद्यावर तर दर वेळी "यशस्वी" असंच येतं. ते म्हणाले, "चल." आम्ही दोघं गाडीत बसलो. घरापुढे पंधरा मिनिटं इंजिन बंद करून थांबलो. मग नरबरो रोडवरून बाहेर पडून, त्यांना चांगल्या माहीत असलेल्या एका पिवळ्या खांबाकडे गेलो. यंत्र बोललं. पुढच्या चौकातून वळून त्याच रस्त्याने उलट दिशेने आलो. त्या बाजूला कॅमेऱ्याचं तोंड नाही. यंत्र गप्प राहिलं. काकांनी मान डोलावली. घरी आल्यावर टेबलाच्या ड्रॉवरातून एक वही काढली, तिच्यात रेघा आखून रकाने केलेले होते. भुसावळला सिग्नल दुरुस्तीला घ्यायचा तर आधी स्टेशनमास्तरला डिस्कनेक्शन मेमो द्यावा लागे, आणि काम झाल्यावर, चाचणी घेतल्यावर रिकनेक्शन मेमो. तो मिळेपर्यंत मास्तर त्या सिग्नलवर गाडी सोडत नसे. काकांनी तारीख लिहिली, यादीचा क्रमांक लिहिला, खांबापाशी गेल्याची वेळ लिहिली आणि वही माझ्याकडे सरकवली. शेवटच्या रकान्यावर "मास्तर" असं लिहिलं होतं. मी तिथे सही केली.